दोन पेडलमधलं अंतर

आमच्या घरात काळजी करायचं खातं माझ्याकडे होतं. आई स्वयंपाक बघायची, बाबा मिल बघायचे आणि मी काळजी बघायची. स्टोव्ह नीट विझला का, मागच्या दाराला कडी लागली का, रेशन कार्ड जागेवर आहे का, हे सगळं मीच दोनदा उठून पाहायची. मिल बंद झाली तेव्हा मला वाटलं, आता तरी बाकीचे दोघं या कामाला हात लावतील. पण आई पूर्वीसारखीच शांतपणे कणीक मळत राहिली आणि बाबा परदेशीपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या दारात उभे राहून रस्ता बघत राहिले. म्हणजे सगळं पुन्हा माझ्याच अंगावर आलं. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि आपल्याला सगळं कळतं, अशी माझी पक्की समजूत होती.

बाबा मिलमध्ये विणकर होते. तिथे मागाला कुणी माग म्हणत नसे, साचा म्हणत. दोन्ही बाजूंना साचे आणि मधे जेमतेम एक माणूस मावेल एवढी गल्ली. त्या गल्लीत बाबा बावीस वर्षं उभे राहिले. पाय फाकवून, चवडे बाहेर काढून, म्हणजे जागचं न हलता डावीकडच्या साच्यावरही झुकता येतं आणि उजवीकडच्याही. ही ढब त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की ते घरीही तसेच उभे राहायचे. देवासमोर, रेशनच्या रांगेत, माझ्या शाळेच्या बक्षीस समारंभात, सगळीकडे. चालतानाही एक चवडा पूर्वेला, एक पश्चिमेला. मिल घरापासून चार मिनिटांवर होती, त्यामुळे सायकलीची गरज कधी पडलीच नाही. शेजारीपाजारी कुणी सायकल घेतली की बाबा म्हणायचे, आपल्याला कुठे जायचंय लांब.

दीड वर्ष घरी बसल्यावर जायची वेळ आली, आणि लांबच जायची आली. सांवेर रोडवर प्लास्टिकच्या पोत्यांचा एक नवा कारखाना निघाला होता. पोती विणायची होती, फक्त सुताऐवजी प्लास्टिकच्या पट्टीची, आणि साचे गोल होते. विणकराला विणायला मिळतंय म्हणून बाबा मनापासून खूश झाले. पाळी सकाळी सातची. इतक्या सकाळी त्या बाजूला सवाऱ्यांचे टेंपो जात नसत. तिथला सुपरवायझर बाबांपेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान होता. त्याने सांगितलं, "बाबूजी, एक महीना देख लेते हैं. सात पाँच पे गेट बंद. तीन लेट हुए तो कार्ड वापस." बाबांनी हे घरी जसंच्या तसं सांगितलं, हसत हसत, आणि माझा जीव त्या क्षणापासून टांगणीला लागला.

सायकल छत्रीबागेतल्या मामाने दिली. मामा काडीसारखा बारीक, चालतो तेव्हा पट्टीने रेघ ओढल्यासारखा. सायकलही त्याच्याच चालीची होती, काळी, उंच आणि अरुंद. बाबांनी सायकल लहानपणी चालवली होती तेवढीच, पण तोल त्यांना लगेच साधला. पायांचंच काही जमेना. चवडे बाहेर पडले की टाचा आत येणार, आणि टाच आत आली की पेडल ज्या लोखंडी दांड्याला बसतं त्या दांड्यावर, क्रँकवर, ती प्रत्येक फेरीला आपटणार. टक, टक, टक. गल्लीच्या टोकापासून हा आवाज आला की आई पानं घ्यायला उठायची. आठ दिवसांत बुटाची आतली बाजू घासून पांढरी झाली. टाच आपटू नये म्हणून बाबा गुडघा कसातरी वळवून घेत, आणि उजवा गुडघा दुखायला लागला.

"काही नाही गं, थोडा अकड गया है," ते म्हणायचे. "बावीस वर्षं उभा होतो, आता बसून पाय चालवायचे म्हणजे त्यालाही समजायला टाइम लागेल न."

पहिला लेट त्याच आठवड्यात लागला. बाणगंगेचं रेल्वे फाटक बंद मिळालं आणि मालगाडी संपता संपेना. बाबा सात वाजून सात मिनिटांनी पोचले. ते फाटकाला दोष देऊन मोकळे झाले. मी मात्र हिशोब मांडून बसले. तीनातला एक गेला. गुडघा असा राहिला तर दुसरा जाईल, आणि तिसरा गेला की पुन्हा दारात उभं राहून रस्ता बघणं. ते दीड वर्ष मला पुन्हा बघायचं नव्हतं. बाबांना त्या दीड वर्षात मी कधी जोरात बोलताना ऐकलं नव्हतं. मिलच्या आवाजाची सवय असलेला माणूस, जो घरातही ओरडूनच बोलायचा, तो हळू आवाजात चहा मागायला लागला होता. मला त्या आवाजाची भीती बसली होती.

म्हणून मी उपाय काढला. मी त्यांना समोर बसवून सांगितलं की तुम्ही पाय फेंगडे ठेवता म्हणून गुडघा दुखतो. पाऊल सरळ पाहिजे, गुडघा सरळ वरखाली झाला पाहिजे, हे साधं विज्ञान आहे. मी वहीत आकृती काढून दाखवली. दोन बाण, एक चूक, एक बरोबर. बाबांनी आकृती बराच वेळ पाहिली आणि मान हलवली. त्यांना आकृत्यांचा फार आदर होता, आणि माझ्या आकृत्यांचा तर जास्तच.

एवढ्यावर मी थांबले नाही. मिल सुटताना बाबांनी साच्याच्या चामडी वाद्या घरी आणल्या होत्या, आडवं सूत नेणाऱ्या धोट्याला फटका देणाऱ्या दांड्याच्या. भक्कम चामडं, तेल पिऊन काळं झालेलं. घरोघरी त्या वाद्या होत्या. कुणी त्यांनी पाण्याच्या बादल्यांच्या कड्या बांधल्या, कुणी बिजागऱ्या केल्या. मी त्यांचे दोन पट्टे कापून पेडलवर असे आवळले की पाऊल आत घातलं की सरळच राहावं, इकडेतिकडे वळूच नये. बाबांनी पट्ट्यांत पाय घालून बघितला आणि म्हणाले, "चांगलं केलंस. मिलचीच वादी आहे, तुटणार नाही."

ती तुटली नाही हे खरंच. पण पावलं सरळ झाली तरी माणूस वरून तोच होता. मांडीचं हाड बावीस वर्षांत जिकडे वळलं होतं तिकडेच वळलेलं. खाली पाऊल पट्ट्यात जखडलेलं, वर मांडी बाहेर ओढणारी, आणि मधे गुडघा. मला हे आज कळतं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की टक-टक आवाज बंद झालाय. मी खुशीत होते. पाचव्या दिवशी गुडघा पेरूएवढा सुजला आणि बाबांना उंबरा ओलांडताना चौकट धरावी लागली.

त्या सकाळी ते निघाले खरे, पण अर्ध्या रस्त्यात उतरून सायकल हातात धरून चालत गेले. दुसरा लेट लागला.

आई मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून गुडघा शेकत बसायची. मी बाजूला उभी राहून सूचना करत होते, जरा वर, जरा खाली. आईने मान वर न करता मला सांगितलं, "तू त्यांच्या पायामागे लागणं सोड आता." एवढंच. मी फणकारून आत गेले आणि मग आतून ऐकत राहिले, ते कण्हतात का. ते कण्हत नव्हते, तेही मला खुपत होतं. दुखतंय म्हणून सांगितलं असतं तर निदान काही करता आलं असतं.

मिलच्या वर्कशॉपमधले एक फिटर काका आमच्या मागच्याच गल्लीत राहायचे. मिल बंद झाल्यावर त्यांनी एका टिनाच्या शेडमध्ये जुनं खराद मशीन, म्हणजे लेथ, टाकलं होतं आणि पंपाचे सुटे भाग बनवून द्यायचे. बाबांना घेऊन मी तिथे गेले. मला वाटलं ते सायकल बघतील. त्यांनी सायकलीकडे पाहिलंही नाही. त्यांनी बादलीतलं पाणी फरशीवर सांडलं आणि बाबांना म्हणाले, "भिया, जूते उतारो, जरा चल के दिखाओ."

बाबा ओल्या पायांनी कोरड्या फरशीवर चालत गेले. मागे पावलांचे ठसे उमटले, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. काका उकिडवे बसून त्या ठशांकडे बघत राहिले. मग त्यांनी वादीचे पट्टे पाहिले आणि विचारलं, हे कुणी बांधलं. बाबा म्हणाले, "मैंने ही." मी नजर खराद मशीनकडे वळवली. काकांनी सुरीने दोन्ही पट्टे कापून काढले.

"आदमी को सायकल के नाप का नहीं करते बेटा," ते माझ्याकडे बघून म्हणाले, म्हणजे त्यांना कळलंच होतं. "इनके पाँव ऐसे ही रहेंगे. पेडल को बाहर लेना पड़ेगा. दोनों तरफ इत्ता." त्यांनी अंगठ्याची रुंदी दाखवली. पेडल तेवढं बाहेर गेलं की चवडा हवा तेवढा वळो, टाच क्रँकला लागणारच नाही, आणि गुडघ्याला मधल्यामधे मार खावा लागणार नाही.

मी विचारलं, वायसर टाकून पेडल बाहेर घेता येईल का, आजच. मला घाई होती. काका म्हणाले, एक वायसर चालेल, जास्त टाकल्या तर पेडलचे आटे पुरे बसणार नाहीत. "चार डालेगी तो पेडल दो चूड़ी पे लटकेगा. पुल के बीच में निकल गया तो?" त्यांनी एक वायसर टाकून दिली आणि बाकीचं काम तीन दिवसांत करून देतो म्हणाले. लोखंडाचे दोन तुकडे करायचे होते, एका टोकाला बाहेरून आटे, दुसऱ्या टोकाला आतून आटे, म्हणजे एक टोक क्रँकमध्ये बसेल आणि दुसऱ्यात पेडल बसेल. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, त्याचं हत्यार त्यांच्याकडे नव्हतं, ते कुणाकडून तरी मागून आणायचं होतं.

ते तीन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. पेडल पुलावर निघण्याच्या त्या एका वाक्याने माझ्या काळजीला नवीन खाद्य मिळालं होतं. गुडघा तर होताच, आता पेडलही गळून पडायला लागलं. वर्गात बसले की डोळ्यांसमोर रस्त्यातला पूल यायचा, बाबा यायचे, मागून ट्रक यायचा. दुपारी घरी आले की आधी सायकल भिंतीला टेकलेली आहे का बघायचं आणि मग चप्पल काढायची. बाबा रोज पाच वाजता निघत होते, गुडघा दुखला तर थांबता यावं म्हणून. एरवीपेक्षा दीड तास आधी.

काकांनी शब्द पाळला. दोन्ही तुकडे बसले, इतके नेटके की मूळचेच वाटावेत. काकांनी बाबांच्या खांद्यावर थाप मारली. "अब जैसे साँचे पे खड़े रहते थे, वैसे ही पाँव रखो. बस."

आता गुडघा उतरायला हवा होता. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. टाच आपटल्याचा आवाज नव्हता, पट्टे नव्हते, पेडल अंगठाभर बाहेर होतं, आणि सूज तशीच. चौथ्या दिवशी बाबा चहा पिताना पाय लांब करून बसले होते, आणि उठताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला. महिना संपायला आठ दिवस होते. एक लेट शिल्लक होता, म्हणजे खरं तर एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागे गेले. माझी लेडीज सायकल होती. आईला सांगितलं, मैत्रिणीकडून नोट्स आणायच्यात. पहाटे पाच वाजता कुणाच्या नोट्स, असं आईने विचारलं नाही. तिने फक्त माझ्या डोक्याला स्कार्फ बांधून दिला.

मी बरंच अंतर ठेवून होते. रस्ते मोकळे होते, बाबा एका लयीत चालवत होते आणि सुरुवातीला मला काही खटकलं नाही. मग उजाडायला लागलं आणि मला त्यांचे पाय दिसले. दोन्ही चवडे सरळ. अगदी माझ्या वहीतल्या बरोबरच्या बाणासारखे. पेडल इतकं बाहेर घेतलेलं, चवडा मोकळा सोडायला मुद्दाम जागा केलेली, आणि त्या जागेत बाबा परेडला उभं केल्यासारखे पाय सरळ ठेवून चालवत होते. दर दहावीस फेऱ्यांनी ते खाली वाकून आपल्या बुटांकडे बघत, चवडा जरा वळला असला तर आत घेत, आणि पुन्हा समोर बघत. गुडघा कशाने सुजतोय ते मला दिसलं. पट्टे काकांनी कापले होते, पण मी बांधलेलं काही सुटलं नव्हतं.

मी जोरात पेडल मारून त्यांना गाठलं. ते दचकले आणि सायकल थोडी डगमगली.

"घरी काही झालं का?"

"काही नाही झालं. बाबा, पाय सोडा. काका काय म्हणाले होते?"

"हो, ते म्हणाले होते." ते चालवत राहिले. हातात वेळ असूनही ते थांबले नाहीत. "पण तू म्हणाली होतीस न, सरळ ठेवा."

"मला काही कळत नाही. मी चुकले. सोडा तुम्ही."

त्यांनी पुन्हा खाली वाकून बुटांकडे पाहिलं. मग समोर बघतच, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तुझ्या कॉलेजसमोरून रोज जातो न मी, परत येताना. तेव्हा सगळ्या मुली सुटलेल्या असतात. बरं नाही दिसत ते. म्हणून सकाळपासूनच सवय लावतो."

माझी सायकल चाकभर मागे पडली. कारण मला तो दिवस ठाऊक होता आणि मी समजत होते की तो फक्त मलाच ठाऊक आहे. नोकरीचा पहिला आठवडा. आम्ही चौघी कॉलेजच्या गेटजवळ उभ्या होतो, आणि समोरून बाबा आले, चवडे दोन्हीकडे फाकलेले, टाच टक-टक आपटत. एकजण म्हणाली, "देख, बतख सायकल चला री हे." बाकीच्या हसल्या. मीही हसले. बाबा रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने होते, समोर बघत होते, त्यांनी मला पाहिलं नाही अशी मी खात्री करून घेतली. आणि त्याच संध्याकाळी मी त्यांना समोर बसवून पाऊल सरळ ठेवण्याचं विज्ञान सांगितलं. गुडघ्याची काळजी मला होतीच, खोटं नाही. पण ती आकृती मी गुडघ्यासाठी काढली नव्हती.

मी माफी मागितली नाही. मागता आली असती, रस्ता मोकळा होता, आम्ही दोघंच होतो. पण मी फक्त म्हणाले, "बाबा, सोडा न पाय." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग चवडे सोडले. दोन्ही पाय आपोआप बाहेर वळले, आपल्या जुन्या जागी गेल्यासारखे. टाच कुठे लागली नाही. शंभर पावलांच्या अंतरातच त्यांचा वेग वाढला, आणि मला त्यांच्याबरोबर राहायला दम लागू लागला. बाणगंगेचं फाटक उघडं होतं. सांवेर रोडला वळेपर्यंत मी मागे पडले होते. कारखान्याचं गेट लांबून दिसलं, त्यात बाबा शिरताना दिसले, आणि गेट त्यांच्या मागे बराच वेळ उघडंच राहिलं.

गुडघा आठ दिवसांत उतरला. तिसरा लेट लागला नाही. महिना पुरा झाला, कार्ड कायम झालं आणि बाबा पुन्हा घरात ओरडून बोलायला लागले. आई म्हणायची, हळू बोला, भिंतीपलीकडे लोक राहतात. मला मात्र तो आवाज ऐकून झोप चांगली लागायची.

पुढे माझं कॉलेज संपलं, लग्न झालं. चारपाच वर्षांनी माहेरी आले होते तेव्हा एकदा दुपारी टेंपोने घरी येत होते. कॉलेजजवळ टेंपो थांबला, आणि समोरून बाबा येताना दिसले. त्याच सायकलीवर, चवडे ऐसपैस बाहेर, मजेत. गेटपाशी मुलींचा घोळका होता. त्यातली एकही त्यांना ओळखत नव्हती, आणि माझं तिथलं शिक्षण संपून वर्षं झाली होती. घोळका जवळ आला तसे बाबांनी खाली वाकून बुटांकडे पाहिलं आणि दोन्ही पाय सरळ केले. गेट मागे पडेपर्यंत सरळ ठेवले. मग सोडले.